खाटेवरून उतरवताना

द्वारकाआते गेल्याचे पत्र मला मुंबईत, कचेरीच्या पत्त्यावर आले. असले पत्र घरात ठेवायचे नसते, वाचून फाडायचे असते, म्हणून तिच्या पुतण्याने, जनार्दनने, ते मुद्दाम घरी न पाठवता वर्तमानपत्राच्या कचेरीत पाठवले होते. पोस्टकार्डावर दोन ओळी होत्या. ती. द्वारकाबाई शुक्रवारी दुपारी शांतपणे देवाघरी गेल्या, आपणांस कळावे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे कार्डात जे नव्हते तेच मला आधी दिसले. काय झाले होते, किती दिवस अंथरुणावर होती, औषध कोणाचे चालू होते, शेवटी जवळ कोण होते, यातले काही नव्हते. 'शांतपणे' हा शब्द मात्र होता. तिला या शब्दाचा राग होता. "शांतपणे मेलो म्हणान लिवतत," ती म्हणायची. "बघूक कोण होतो थंय? सगळे भायर अंगणात बसलेले."

रजा मिळायला तीन आठवडे लागले. गावी जाऊन जे कळले आणि त्याआधीचे जे मला ठाऊक होते, ते येथे लिहितो. तिच्याविषयी वर्तमानपत्रात लिहिण्याची ही माझी दुसरी वेळ. पहिल्या वेळचे पुढे येईलच.

ती माझ्या वडिलांची चुलत बहीण. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेला. सासरच्यांनी परत पाठवली, माहेरच्यांनी ठेवून घेतली, पण दोन्हीकडे तिचे काय करायचे ते कोणाला कळेना. शेवटी मुंबईतल्या एका मामाने तिला इस्पितळात नर्सच्या शिक्षणाला घातले. दहा-बारा वर्षे मुंबईत काढून ती पन्नास सालानंतर लवकरच परत आली आणि मालवणच्या दक्षिणेला, खाडीकाठच्या एका लहान दवाखान्यात लागली. तिथे तिचे काम ठरलेले होते. सुया उकळायच्या, मलमपट्ट्या करायच्या, बाळंतिणी बघायच्या, डॉक्टरांच्या शेजारी उभे राहायचे. मरणाऱ्या माणसाची दवाखान्याला गरज नव्हती. 'आता उपाय नाही' असे डॉक्टरांनी सांगितले की तो माणूस दवाखान्याच्या कामातून सुटला. द्वारकाआतेचे खरे काम तिथून सुरू व्हायचे, आणि ते तिला कोणी सांगितलेले नव्हते. ते ती दुपारी दवाखाना बंद झाल्यावर आणि रविवारी करीत असे. त्या कामाला आमच्याकडे नावही नव्हते.

अशी माणसे बहुतेक आगबोटीने येत. गिरणीत, गोदीत, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात पंधरा-वीस वर्षे काढलेला माणूस आजारी पडायचा, मुंबईचे इस्पितळ 'घरी न्या' म्हणून सांगायचे, आणि घर म्हणजे इकडे. बोट बंदराबाहेर लांब उभी राही. तिथून माणसाला पडावात उतरवायचे, पडावातून किनाऱ्यावर, आणि किनाऱ्यावरून खुर्चीला बांबू बांधून घरापर्यंत. पावसाळ्यात बोटी बंद असत, म्हणून वैशाखात हे लोक जास्त येत. घरी आणल्यावर त्यांचे काय करायचे, हे घरात कोणालाही माहीत नसे. जो येईल तो पायाशी बसून जुन्या आठवणी सांगायचा आणि उठून जायचा. कूस बदलायची असते, नाहीतर माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग फुटते. कोरड्या तोंडात पाणी ओतायचे नसते, फडके भिजवून ओठ आणि जीभ पुसायची असते. जखमेला घाण सुटली तर खाटेखाली कोळशाची पाटी ठेवली की वास ओढला जातो. पोट साफ झाले नाही तर दुखणे दुप्पट वाटते. या गोष्टी ती घराघरांत सांगत फिरली. लोक मान डोलावत आणि ती गेल्यावर करीत नसत. दुसऱ्या खेपेला ती आली की कूस तीच, डाग मोठा झालेला. ती घरातल्या बाईला ओरडायची आणि ती बाई म्हणायची, "तेका हात लायलो काय तो विव्हळता. माका बघवणा नाय." म्हणून हात लावायचा नाही. 

पण हे सगळे परवडले. तिची खरी लढाई दुसरीच होती.

आमच्याकडे माणसाने खाटेवर प्राण सोडू नये अशी रीत आहे. शेवट जवळ आला की त्याला उचलून सारवलेल्या जमिनीवर, दर्भावर घ्यायचे. हे इतरत्रही आहे. शेवटच्या घटकेला केले तर त्यात कोणाचे काही जात नाही. पण ती घटका कोणती हे ठरवायचे कोणी? चुकले आणि माणूस खाटेवर गेला, तर घराला दोष. म्हणून लोक लवकर उतरवतात. आणि एकदा उतरवलेला माणूस परत खाटेवर घेत नाहीत. तो मग दोन तास जगो की दोन आठवडे.

धामापूरचे एक उदाहरण माझ्यासमोर घडले. त्या वर्षी मी चतुर्थीला गावी होतो. तिथल्या सखाराम नावाच्या गिरणी कामगाराच्या बायकोने द्वारकाआतेला निरोप पाठवला होता. सखारामच्या घशात गाठ होती, वैशाखात त्याला मुंबईहून आणले होते, बोलणे बंद झाले होते, पण पातळ पेज अजून जात होती. पेज भरवताना ठसका लागतो, एवढेच तिचे म्हणणे होते. आम्ही तळ्याच्या बांधावरून चालत निघालो. द्वारकाआतेच्या अंगावर दवाखान्याचे पांढरे लुगडे होते आणि हातात कातडी पिशवी. पलीकडच्या उतारावरून आम्ही लांबूनच दिसत असणार. घरात शिरलो तेव्हा खाट रिकामी होती आणि सखाराम जमिनीवर होता. काखेत हात घालून त्याला घाईघाईने ओढून उतरवले होते. एक पाय अजून वाकडा तसाच होता. तो पूर्ण शुद्धीवर होता.

"जित्तो माणूस आसा तो," ती म्हणाली. "कित्याक उतरवलास तेका?"

सखारामचा चुलता उंबऱ्याशी बसला होता. तो म्हणाला, "तू इलंस म्हणान उतरवलो. तू काय पेज भरवूक येतंस?"

"पेज भरवूकच इल्लंय."

"नर्सबाय पेज भरवूक येता, ह्या आज ऐकला."

"वर घेवा तेका."

"उतरवलेलो माणूस परत खाटीर घेत नाय गो. घराक बरा नाय. तुका ठावक नाय?"

सखारामने बोट उचलून खाटेकडे दाखवले. सगळ्यांनी ते पाहिले. कोणी काही केले नाही. दर्भावर गोधडी तरी घाला, असे ती म्हणाली, तर दर्भाच्या वर काही चालत नाही असे उत्तर मिळाले. भाद्रपदातली ओली जमीन होती. सखाराम त्यानंतर अकरा दिवस जगला, आणि ते अकरा दिवस ती एक दिवसाआड धामापूरला जात होती. पाठीची जखम तिसऱ्या दिवशी झाली. शेवटी शेवटी त्याची बायको चोरून त्याच्या पाठीखाली स्वतःची साडी सरकवायची आणि कोणी आले की काढून घ्यायची.

त्या पहिल्या दिवशी आम्ही त्याच बांधावरून परत निघालो. बांध संपल्यावर ती म्हणाली, "मी नाय गेलंय असतंय, तर तो आज खाटीर असतो. आवाज फुटणा नाय, पेज घशात अडाकता, पण खाटीर असतो." थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, "माजा लुगडा बघल्यानी आणि उतरवल्यानी."

यानंतर तिने कामाची पद्धत बदलली. रोग्याकडे जाताना पांढरे लुगडे नेसायचे सोडले. कातडी पिशवी घरी राहिली. त्याऐवजी डोक्यावर पाटी, पाटीत वर तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, किंवा भेंडी, आणि खाली फडक्यात बांधलेला कापूस, बोरिक, कात्री, मलमाची डबी. पुढच्या दाराने न जाता ती मागीलदारी, विहिरीच्या बाजूने शिरायची. पण याहून मोठी गोष्ट तिने केली ती वेगळी. तिच्या येण्याला काही अर्थच राहू नये म्हणून ती सगळीकडे जाऊ लागली. जिथे कोणी आजारी नाही अशा घरी जाऊन ताक पिऊन यायची. बाळंतिणीकडे जायची, नवीन सुनेकडे जायची, ज्यांच्याशी भांडण होते त्यांच्याकडेही जायची. दवाखान्यातून पाय मोडेपर्यंत उभी राहून आलेली बाई संध्याकाळी चार-पाच घरे विनाकारण फिरत असे. लोकांनी तिला 'यमाची व्हनी', म्हणजे वहिनी, असे नाव ठेवले होते ते तिला ठाऊक होते.

"आज कोणाचो नंबर, नर्सबाय?" वाटेत कोणी विचारायचा.

"तुजोच होतो. पण तू अजून पिकलंस नाय."

दोन-तीन वर्षे गेली आणि तिचे येणे लोकांच्या अंगवळणी पडले. ती दारात दिसली म्हणून कोणी दर्भ शोधायला जाईनासे झाले. काही घरांत माणसे शेवटच्या तासापर्यंत आपल्या खाटेवर राहिली. किती, ते तिने कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. एका म्हाताऱ्या तांडेलाची, जन्मभर गलबत चालवलेल्या माणसाची, गोष्ट मात्र तिने दोनदा सांगितली. त्याच्या पोटात पाणी झाले होते, आडवे होता येत नसे, तिने पाठीशी भाताची गोणी लावून त्याला बसता केला होता. खाट दाराकडे फिरवली होती, म्हणजे त्याला माडांमधून खाडी दिसावी. तो म्हणाला, "नर्सबाय, सगळा बरा आसा, पण ही खाट हलना नाय." तिने खाटेच्या पायाला आपला पाय लावला आणि हळूहळू खाट हलवीत राहिली. तांडेल डोळे मिटून म्हणाला, "आता वारो मतलयचो." मतलय म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा पहाटेचा वारा. त्याची सून हसून हसून बेजार झाली. तांडेल चार दिवसांनी गेला, आणि गेल्यावर त्याला उतरवले. एवढीच गोष्ट. पण हे सांगताना ती ज्या रीतीने आपला पाय हलवायची, त्यावरून या कामात तिला काय मिळत होते ते कळे.

दवाखान्याकडून मदत जवळजवळ नव्हती. दुखणे कमी करणारे अफूचे इंजेक्शन कपाटात होते, किल्ली डॉक्टरांकडे असे. दोन डॉक्टरांच्या मधले कित्येक महिने जागा रिकामी राहायची, तेव्हा किल्ली दवाखान्यात असूनही डॉक्टरांच्या हुकमाशिवाय कपाट उघडता येत नसे. जे डॉक्टर आले त्यांतल्या बहुतेकांचे म्हणणे असे की, मरणाऱ्यावर ते औषध खर्च करू नये, अपघात झाला तर काय करायचे? लोकांचे म्हणणे असे की सुई टोचली की माणूस मरतो, कारण ज्यांना टोचली ते मेले होते. या दोन मतांच्या मध्ये ती वर्षानुवर्षे उभी होती. शेवटी एक तरुण डॉक्टर आले, त्यांनी एका रोग्यापुरते 'हो' म्हटले. ती रोगी म्हणजे भागीरथीकाकी.

भागीरथीकाकी आमच्या वाडीतलीच, द्वारकाआतेच्या घरापासून दोन कुंपणे सोडून. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. काकीच्या पोटात गाठ होती. द्वारकाआते दोन महिने रोज तिच्याकडे जात होती आणि घरात कोणालाच त्यात काही वावगे वाटत नव्हते, कारण ती तशीही रोज जायचीच. दुखणे वाढू लागले तेव्हा तिने काकीचा मुलगा दत्ताराम याची समजूत घालून इंजेक्शनलाही कबूल करून घेतले. गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. डॉक्टर पुढच्या सोमवारी येणार होते.

त्या आधीच्या रविवारी माझा लेख छापून आला.

मी तो तिला न विचारता लिहिला होता. पुरवणीत अर्धा स्तंभ रिकामा होता आणि विषय चांगला होता. नाव दिले नव्हते, गाव दिले नव्हते. 'मालवणकडील एक परिचारिका' एवढेच होते. पण ती मरणाऱ्या माणसांजवळ बसते, आणि लोकांना कळू नये म्हणून तवशांच्या पाटीखाली औषधे नेते, हे दोन्ही लिहिले होते. ते वाक्य मला विशेष जमले असे वाटले होते. अंक मंगळवारी तिकडे पोचला. न्हाव्याच्या दुकानात तो मोठ्याने वाचला गेला आणि तवशांपाशी आल्यावर वाचणारा थांबला, असे मला नंतर तिथे हजर असलेल्या माणसाने सांगितले.

डॉक्टर सोमवारी आले नव्हते, गुरुवारी आले. द्वारकाआते त्यांना घेऊन गेली तेव्हा दत्ताराम कुंपणाच्या बेड्यापाशी, म्हणजे बांबूच्या फाटकापाशी, उभा होता. तो म्हणाला, "आमच्याकडे कोण मरणा नाय. तू येव नको."

"अरे, मी कालपासून येतंय काय?"

"कालपर्यंत माका ठावक नाय होता, तू कित्याक येतंस."

डॉक्टर परत गेले. त्यानंतर भागीरथीकाकी तेवीस दिवस जगली. तिला त्याच दिवशी जमिनीवर घेतले होते. दोन कुंपणांपलीकडे ऐकू येत होते. काकी ओरडायची नाही, हाका मारायची. "द्वारके... गो द्वारके..." द्वारकाआते दोनदा बेड्यापर्यंत गेली. दोन्ही वेळा दत्ताराम उठून बाहेर आला. तिने जनार्दनच्या बायकोबरोबर, शालिनीबरोबर, कापूस आणि मलम पाठवले, ते न सोडता परत आले. हळूहळू इतर घरांतूनही तेच झाले. मागीलदारी कडी दिसू लागली. बाळंतिणीकडे गेली तरी घरातली म्हातारी विचारायची, हिला काय होणार आहे का?

मी वैशाखात गावी गेलो तेव्हा मला यातले काही माहीत नव्हते. ती पडवीत कोकमांसाठी रातांबे फोडत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल. मी लेखाविषयी विचारले. तिने सगळे सांगितले, मी वर लिहिले आहे त्याच क्रमाने, आवाज न चढवता.

"तू माका विचारलंस नाय," ती शेवटी म्हणाली.

मी म्हटले, लेख चांगल्या हेतूने लिहिला होता.

"चांगलोच होतो. खोटा एक अक्षर नाय. खोटा असता तर घरोघर जावन सांगितला असता, तेचा ऐकू नका म्हणान. खऱ्याक काय सांगू?"

मी म्हटले, खुलासा छापता येईल.

"काय लिवतलंस? द्वारकाबाय मरणाऱ्यांकडे जाणा नाय म्हणान?" ती परात उचलून आत गेली.  मुंबईला परतल्यावर मी संपादकांकडे विषय काढला. ते म्हणाले, शुद्धिपत्र चुकीचे असते, यात चूक कुठे आहे? त्यांचे बरोबर होते. चूक दाखवता येत नव्हती.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा ताक, पुन्हा भेंडी, पुन्हा विनाकारण फिरणे. पण वय झाले होते आणि गुडघे दुखू लागले होते. नोकरी संपली. लांबच्या गावांत, जिथे वर्तमानपत्र जात नव्हते, तिथे तिला अधूनमधून बोलावणे येई. जवळच्या वाड्यांत फार थोडी दारे उघडली. दत्ताराम वाटेत भेटला तर बाजूला होऊन वाट द्यायचा, बोलायचा नाही. मी पत्रांतून विचारले तर ती भाताचे, आंब्यांचे, शालिनीच्या मुलांचे लिहायची.

तिच्या आजाराविषयी तर तिने कोणालाच सांगितले नाही. छातीत गाठ होती. ती तिला वर्षभर ठाऊक असावी, असे शालिनी म्हणते, कारण वर्षभर ती शालिनीला एकेक गोष्ट शिकवत होती. कूस कशी द्यायची, चादर माणसाखालून न उठवता कशी बदलायची. शालिनीला वाटले, म्हातारपणी बोलायला विषय हवा म्हणून बोलते. अंथरुणावर ती सहा आठवडे होती. पाठीला जखम झाली नाही. याचे श्रेय शालिनीचे आहे आणि ते कार्डात नव्हते म्हणून येथे नोंदवतो. तिने शालिनीला एकच गोष्ट मागितली होती. "मी जाईसर माका खाटीर ठेव."

शुक्रवारी सकाळी श्वास बदलला. तासाभरात भावकी जमली. उतरवायला हवे असे भावकीतल्या सर्वांत थोरल्या काकी म्हणाल्या. शालिनी खाटेपुढे उभी राहिली आणि नाही म्हणाली. जनार्दन कोणत्याच बाजूने बोलला नाही. काकी म्हणाल्या, "नर्स झाली म्हणान हिका येगळो नियम?" शालिनी म्हणाली, "तिणा सांगितला हा." काकी म्हणाल्या, "ती जातली, तिका काय? नाव तुमचा जातला." हे बराच वेळ चालले. आवाज वाढले. दत्तारामही आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता.

तेव्हा खाटेवरून द्वारकाआते बोलली. ती ऐकत असेल असे कोणाला वाटले नव्हते. "शालिने, सोड. भांडा नको... उतरवा माका. पण मी सांगतंय तशी."

मग तिने सांगितले, आणि ते सगळे शालिनीने मला जसेच्या तसे सांगितले आहे, मधल्या थांबण्यांसह. आधी खाली गोधडी घाला, दुहेरी. दर्भ तिच्यावर. अंगाला दर्भ लागला म्हणजे झाले, खाली काय आहे ते दर्भाला कोण विचारतो? काकींनी विचार केला आणि त्यांना यात नियमाविरुद्ध काही सापडले नाही. इतक्या वर्षांत हे तिला आधी कधी सुचले नव्हते, की सुचूनही कोणी ऐकले नव्हते, हे विचारायला आता ती नाही. मग चौघे आणि शालिनी अशी पाच माणसे तिने मागितली. एकाने डोके आणि मान, दोघांनी समोरासमोर खांद्यांखाली आणि कंबरेखाली हात घालून एकमेकांची मनगटे धरायची, एकाने गुडघ्यांखाली, शालिनीने दुखरी बाजू सांभाळायची. काखेत कोणी हात घालायचा नाही. ओढायचे नाही. आधी आजाऱ्याला सांगायचे, मग एकदम उचलायचे, एकदम खाली. "दत्ताराम खंय आसा?" तिने विचारले. "तू कंबरेक ये. तुजे हात मोठे."

दत्ताराम आला. पाचही जणांनी हात घातले, तेव्हा तिनेच आठवण करून दिली, "माका सांगा मगे." दत्ताराम म्हणाला, "आते, उतरवतंव तुका." तिने मान हलवली.

ती दुपारी दोनच्या सुमारास गेली. त्या चार तासांत तिने एकदाच, पाठ दुखते म्हणून सांगितले, आणि शालिनीने कूस बदलली.

मी जनार्दनला विचारले, तिची एवढी एक गोष्ट तुला करता आली नाही का? तो रागावला नाही. म्हणाला, "तुमी मुंबयत रवतास. आमका हयसर रवाचा आसा."  मीही तिला न विचारता लिहिले होते, आणि तेव्हा माझ्यावर तर भावकीचे दडपणही नव्हते.

परत निघायच्या आदल्या दिवशी सकाळी शेजारच्या वाडीत गर्दी दिसली म्हणून गेलो. एका म्हाताऱ्याला उतरवत होते. तो जिवंत होता, चांगला बोलत होता, सुनेला पाणी मागत होता. पोटऱ्यांपर्यंत सूज होती, आणखी आठवडाभर तरी त्याचे काही होणार नाही हे मलाही कळत होते. मी तसे म्हणालो. कोणी वळून पाहिले नाही. दत्तारामला बोलावून आणले होते. त्याने खाली वाकून दर्भाखाली गोधडी आहे का ते हाताने चाचपले. नव्हती, ती घालायला लावली. चौघांना जागा वाटून दिल्या, एकाचा काखेतला हात काढून खांद्याखाली सरकवला. मग म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन त्याने त्याला सांगितले, थांबला, म्हाताऱ्याने मान हलवली, आणि त्यांनी त्याला उतरवले.